अप्पांचं जेट

लहानपणी निलंग्याकडं मी ज्वारीवरची पाखरं राखत होतो. एकदा आभाळ फाटल्यासारखा आवाज आला. गोफण टाकून बांधाआड आडवा झालो. मान वर केली तोवर विमान गेलेलं! ते जवळून बघायची हौस फिटली ती आता, म्हातारपणी, उदगीरच्या माझ्या सायकल दुकानात. तीन म्हातारे एका बाकड्यावर बसले की किस्से साचतातच.

* * *

आमचे शंकरअप्पा हवाईदलात फिटर होते. लढाईत जेट सांभाळायचे. मुलीनं त्यांना त्याच जेटचा, ठोकळे जोडून करायचा सेट पाठवला. खोका उघडला, तर नुसते बारके करडे तुकडे!

शेजारचे रहीमभाई टेलर म्हणाले, "अप्पा, हे तर पडलेलं विमान पाठवलं की!"

अप्पा हसले नाहीत.

* * *

जोडायच्या आधी अप्पांचा हुकूम : "खिसे रिकामे करा. विमानाजवळ खिशात काही ठेवायचं न्हाई, पडलं की इंजिनात जातं."

रहीमभाईंच्या खिशातून खडू, बटणं, सुई निघाली. "अहो, हे कुठं उडणार हाय?"

"उडणार न्हाई म्हणून काम कच्चं करायचं का?"

* * *

पंखाचा तुकडा बसेना. मी हातोडी उचलली. अप्पा माझ्यावर ओरडले, "मामा, सायकल हाय का ही! बसंना म्हणजे आपलं चुकलंय, त्याचं न्हाई."

खरंच, मी उलटा धरला होता.

* * *

मला एक कोडं होतं. "अप्पा, याला हॉर्न कुठाय?"

"हे आल्यावर कुणाला बाजूला सरक म्हणावं लागत न्हाई, मामा!"

मला बांध आठवला. पटलं!

* * *

शेवटी राहिला बोटाच्या पेराएवढा पायलट. अप्पांनी त्याला आत बसवला. पट्टा नव्हताच, तरी नखानं आवळल्यासारखं केलं.

"पट्टा मी बांधायचो. ज्यानं बांधला, त्यानंच परत आल्यावर सोडायचा. आमची रीतच होती."

मी विचारलं, "सगळे यायचे परत?"

अप्पांनी वरची काच हळूच लावली. "एकाचा सोडायचा राहिला."

शेजारच्या दुकानातलं रहीमभाईंचं शिलाई मशीन थांबलं.

मी विमान उचलून बाकड्याच्या पार टोकाला नेलं. तिथून चाकांवर हळूहळू ढकलत आणलं आणि अप्पांच्या गुडघ्यापाशी थांबवलं.

अप्पांनी काच उघडली. नखानं पट्टा सोडल्यासारखं केलं. पायलटला दोन बोटांनी अलगद उचललं, सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवलं, खिशाचं बटण लावलं. चपला घातल्या आणि निघून गेले.