बुजवलेलं दार

सचिव व्हायची हौस मलाच होती, कुणी गळ्यात मारली नव्हती. नव्वदच्या दशकात देवासला कारखान्याच्या नोकरीपायी आलेली आम्ही मराठी मंडळी. प्लॉट घेतले, घरं बांधली आणि लगेच रहिवासी समिती काढली. आमच्यात चार डोकी जमली की चहाच्या आधी नियमावली तयार.

शेजारचे काका निवृत्त झालेले. काकूंना अलीकडे डोळ्यांनी अजिबात दिसत नसे. त्यांच्या मागच्या भिंतीत एक लाकडी दार होतं, ते थेट कॉलनीच्या बागेत उघडायचं. समोरच प्राजक्त, दिसत होतं तेव्हा काकूंनीच लावलेला. टेकडीवर देवीची आरती सुरू झाली की काकू भिंतीवरून हात फिरवत दारापर्यंत यायच्या, झाडाखाली बसून चाचपडत फुलं वेचायच्या. खाली पडलेलं फूल देवाला चालतं ते फक्त प्राजक्ताचं. "देवानं माझी सोय पाहिली हो," म्हणायच्या.

मग एकदा बागेत गाई शिरल्या, सगळी रोपं फस्त केली. समितीनं ठराव केला, बागेत उघडणारी खासगी दारं बंद. आणखी दोन घरांना अशी दारं होती, त्यांनी मुकाट्यानं बुजवली. काका मात्र सभेत तावातावानं उठले. "भिंत माझी, जागा माझी, रजिस्ट्री माझ्या नावाची. तुम्ही कोण सांगणार?"

मी म्हणालो, "भिंत तुमचीच, काका. पण पाऊल पडतं ते कॉलनीच्या जागेत."

टाळ्या पडल्या. काय खूश झालो होतो मी स्वतःवर! तेव्हाच जीभ झडली असती तर बरं.

आठवड्याभरात काकांच्या दारात विटा लागल्या, वर पलस्तर झालं. आमची मोरी त्यांच्या भिंतीला लागूनच. दुसऱ्या दिवसापासून आरतीच्या वेळी तिथे ऐकू येऊ लागलं: भिंतीवरून फिरणारा तळवा, बांगड्यांची किणकिण, मग बराच वेळ काहीच नाही. रोज. मी तोंडात ब्रश धरून उभा.

लाजेकाजेस्तव एकदा वाटीभर फुलं घेऊन गेलो. काकूंनी वाटी बाजूला ठेवली आणि माझा हात धरला. "अरे, ह्यांचं काय बिनसलंय कळत नाही. स्वतःच दार बुजवलं. म्हणतात, चोरांची भीती वाटते. तू सचिव ना? तुझं ऐकतील. सांग ना रे त्यांना."

काका मागे उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती नकारार्थी मान हलवली. काकूंचा माझ्यावर जीव होता, तो तुटू नये म्हणून माझं पाप त्यांनी स्वतःवर घेतलं होतं.

"सांगतो, काकू," मी म्हणालो.

ठराव फिरवायला एक सभा पुरली असती. नाही बोलावली. नाक खाली झालं असतं ना माझं!

त्याच हिवाळ्यात काकू गेल्या. काका घर विकून मुलाकडे गेले. तळव्याचा आवाज मात्र गेला नाही. आरती सुरू झाली की मी मोरीतला नळ सोडून ठेवायचो, तरी ऐकू यायचा. बायको म्हणायची, "अहो, पाणी वाहतंय." वाहू दे.

बऱ्याच वर्षांनी नव्या मालकानं बागेकडे दार मागितलं. समितीनं पाच मिनिटांत परवानगी दिली. खाली सही माझीच.

काम सुरू झालं तेव्हा मिस्त्रीनं मला आत बोलावलं. बुजवलेल्या दारावर, हात पोचेल एवढ्या उंचीवर, एक काळसर, गुळगुळीत पट्टा होता. "भिया, यहाँ तो किसी ने हाथ फेर-फेर के पलस्तर चिकना कर दिया."

मी तिथं तळवा ठेवला. गार होतं. "इतना हिस्सा रहने दो," मी म्हणालो.

तो हसला. "दरवाज़ा तो इसी जगे बनेगा, भिया." आणि त्यानं घण उचलला.