ओल्या चामड्याची मूठ

माझा मामा मासे धरायच्या गळाच्या काठ्या हाताने बनवतो. काठीच्या मुठीवर भिजवलेलं चामडं ताणून शिवलं, की तो गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवतो आणि अर्धा तास ती मूठ घट्ट धरायला लावतो. चामड्यात बोटांचे खळगे पडतात आणि सुकल्यावर ते कायमचे राहतात. तेवढा वेळ हात हलू नये म्हणून मामा गिऱ्हाइकाशी गप्पा मारतो. एरवी घरात त्याच्या तोंडून शब्द निघेल तर शपथ!

दुकानातल्या खुंटीवर एक काठी वर्षानुवर्षं टांगलेली आहे. मी ती धरून पाहिली, पण माझी बोटं खळग्यांत बसेनात. कोणाची म्हणून विचारलं, तर मामा नुसता हसला. असल्या हसण्याने माझं डोकंच फिरतं. काठी उचलून मी तडक स्वयंपाकघरात मामीकडे गेले.

मामीने हात पुसून मूठ धरली. पाचही बोटं अचूक बसली.

“तू मासे धरायचीस?”

“छे गं, मला पाण्याचीच भीती वाटते,” मामी म्हणाली. “पण लग्नाला वर्ष झालं तरी हा माणूस माझ्याशी धड बोलेना. मग एक दिवस मीच गिऱ्हाईक होऊन स्टुलावर जाऊन बसले.”