आप्पांनी नापास केलेला आंबा

नाकाच्या बाबतीत देवानं रत्नागिरीवर अन्यायच केला आहे. सगळ्यांच्या वाट्याचं थोडंथोडं काढून घेऊन त्यानं ते एकट्या आप्पांना दिलं. नाक दिसायलाही तसंच होतं. आप्पा कुठल्याही खोलीत शिरले की आधी नाक आत यायचं, सगळीकडे फिरून खात्री करून घ्यायचं, आणि मग मागून आप्पा यायचे. भाट्याच्या बाजूला आमचा वृद्धाश्रम आहे, तिथले ते सर्वांत जुने रहिवासी. मी तिथली व्यवस्थापक. गोळ्या, चादरी, सिलिंडर, कोणाला साखर चालत नाही आणि कोणाला सून चालत नाही, हे सगळं कागदावर नीट मांडून ठेवणं हे माझं काम. आप्पांच्या नाकाची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती, पण आश्रमाचा निम्मा कारभार त्या नाकावर चालायचा. दूध नासणार असलं तर ते नासायच्या आधी आप्पांना कळायचं. एकदा दुपारी सगळं झोपलेलं असताना त्यांनी आपल्या खोलीतून ओरडून स्वयंपाकघरातला गळका गॅस बंद करायला लावला होता. तेव्हापासून त्या नाकाशी वाद घालायची आमच्यात कोणाची हिंमत नव्हती.

मिरकरवाड्याहून मासळीची पाटी घेऊन येणारी मावशी मात्र त्यांना वैतागायची. आप्पांनी जन्मात मासा तोंडात घातला नाही, पण पाटी फाटकात आली की व्हरांड्यातून निकाल जाहीर व्हायचा. "सौंदाळे ताजे. बांगडा कालचा."

"आप्पा, नाकाला कुलूप घाला हो तुमच्या! खायचं नाय, घ्यायचं नाय, माझ्या पोटावर कशाला येता?"

"कालचा आहे की नाही ते सांग."

"कालचाच आहे! म्हणून काय बोंब मारायची?"

भेटायला येणाऱ्या नातेवाइकांचीही सुटका नसे. एका आजींचा मुलगा वर्षानं उगवला, तर आप्पांनी त्याला दारातच अडवून सांगितलं, "मुंबईहून एसटीनं आलास. वाटेत वडा खाल्लास. आणि आईकडे यायचं तुझ्या मनात नव्हतं."

तो बिचारा चपापला. "वड्याचं ठीक आहे, पण हे शेवटचं कशावरून?"

"जाताना आणखी कुठेतरी जायचं असल्यासारखं अत्तर मारलंयस मेल्या!"

पण नाकाचा खरा थाट आंब्याच्या दिवसांत. आप्पांची बाग आता त्यांचा पुतण्या बघतो. त्याच्याकडून हापूसच्या पेट्या आल्या, की व्हरांड्यात आप्पांची खुर्ची लागायची. सकाळपासून ते हाताला साबण लावायचे नाहीत. एकेक आंबा पेंढ्यातून काढायचा, देठाकडची बाजू नाकाशी धरायची, डोळे मिटायचे, आणि सांगायचं, "आज", "उद्या" किंवा "परवा". साका झालेला, म्हणजे वरून देखणा आणि आतून पांढरट पडलेला आंबाही आपण न कापता ओळखतो, असा त्यांचा दावा होता. असा आंबा निघाला की ते "नापास" म्हणून बाजूला ठेवायचे. हा शब्द त्यांनी समोरच्या खोलीतल्या बाईंकडून उचलला होता. बाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. आपण बसलेलो असताना परीक्षा दुसऱ्या कोणीतरी घ्यावी, हे त्यांना सोसायचं नाही. प्रत्येक नापास आंब्यासाठी त्या भांडायच्या. "अहो आप्पा, दोन मार्कांनी गेला असेल. ग्रेस द्या त्याला."

"आंब्यात ग्रेस नसते बाई. म्हणून तर आंबे शिकलेल्यांपेक्षा बरे निघतात."

भांडून झालं की 'आज'मधला पहिला आंबा आप्पा त्यांनाच द्यायचे. बाई तो गाऱ्हाणी सांगत सांगत, पण कोय पांढरी होईपर्यंत खायच्या.

मग करोना आला. फाटक बंद, भेटीगाठी बंद, जेवण ज्याच्या त्याच्या खोलीत. व्हरांड्यात खुर्च्या लांब लांब ठेवायच्या म्हणून बाईंनी स्वतः खडूनं वर्तुळं आखली आणि कोणाचा पाय वर्तुळाबाहेर आला तर तिथूनच दटावलं. आप्पांचं भांडण मास्कशी होतं. "ताई, माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधलीस तर तो चालेल का गो?" असं म्हणत ते मास्क हनुवटीवर वागवायचे, आणि मी तो दिवसभर वर ओढायला लावायची. ताप आहे का, खोकला आहे का, वास येतो का, असा लक्षणांचा तक्ता मी प्रत्येकाच्या दारावर चिकटवला होता आणि रोज सकाळी दारादारांतून विचारत फिरायची. पहिल्याच दिवशी आप्पा खवळले. "वास येतो का, हे मला विचारतेस? समुद्राला जाऊन विचार, खारट आहेस का!" सगळे हसले, मीही हसले. त्यानंतर त्यांच्या दाराशी मी ताप आणि खोकला एवढंच विचारून पुढे जायला लागले.

पहिलं वर्ष आम्ही सुखरूप काढलं. दुसऱ्या वर्षी, लाट पुन्हा चढत असताना, पुतण्यानं पेटी पाठवली. फाटकाशी उतरवली, वरून पुसून आत घेतली. कितीतरी आठवड्यांनी व्हरांड्यात जीव आला. जो तो आपापल्या वर्तुळात बसला. आप्पांनी पहिला आंबा उचलला, देठाशी नाक नेलं आणि बाजूला ठेवला. दुसरा उचलला. तिसरा. पेटीतला अर्धा माल त्यांनी असा हाताळला आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"नापास," ते म्हणाले. "सगळी पेटी नापास. रंग आहे, वास नाही. पावडर मारून पिकवलाय."

तिथल्या तिथे त्यांनी पुतण्याला फोन लावला. लॉकडाऊनमध्ये माल जात नाही म्हणून हे धंदे सुरू केलेस का, आजोबांची बाग आहे ती, असं काय काय बोलले. पलीकडून तो बिचारा काकुळतीला आलेला आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "आप्पा, आपल्याच आढीतला आहे हो. आईशप्पत!" आप्पांनी फोन ठेवून दिला.

बाईंनी एव्हाना एक आंबा उचलून घेतला होता. "मला येतोय की वास," त्या म्हणाल्या.

"तुमच्या नाकात जन्मभराचा खडू बसलाय. ठेवा तो खाली. पावडरचं खाऊन आजारी पडायचंय का या दिवसांत?"

बाईंनी तो आणखी एकदा हुंगला आणि मुकाट्यानं खाली ठेवला. मला वाटतं, आप्पांचं त्यांनी मुकाट्यानं ऐकल्याचा तो एकच प्रसंग. बाकी आम्ही कोणी तर बोललोही नाही. तक्ता प्रत्येक दारावर होता, वास न येणे हे त्यात ठळक अक्षरांत होतं, आणि तरी आमच्यातल्या एकालाही नाकाची शंका आली नाही. सगळ्यांना आंब्याचीच आली. मी पेटी मागच्या खतखड्ड्यात रिकामी करायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा माझ्या ऑफिसच्या दाराबाहेर येऊन उभे राहिले. मास्क पहिल्यांदाच नाकाच्या वर, नीट बांधलेला.

"आत या ना आप्पा."

"नको." मग म्हणाले, "ताई, आंबा चांगला होता गो."

मला कळायला क्षणभर लागला. "केव्हा कळलं?"

"आत्ता. आंघोळीला साबण घेतला तर... साबणच नापास झाला."

तपासण्या झाल्या. आप्पांना होता, बाईंना होता, आणखी काहीजणांना होता. कोणाकडून कोणाला आणि कुठल्या वाटेनं आला, ते कोणीच सांगू शकणार नाही; तेव्हा तो सगळीकडेच होता. आप्पा खोलीत राहून बरे झाले. बाईंचा श्वास कमी पडायला लागला म्हणून त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. दोघांच्या खोल्यांमध्ये एक बोळ तेवढा होता. स्ट्रेचर त्यातून गेलं तेव्हा आप्पा बंद दाराच्या आतून ओरडले, "बाई, परत या, पेटी मागवतो!" बाईंनी हात वर केला. तो होकार होता की वर्गाला गप्प करायचा हात होता, कोण जाणे.

पुतण्या भला माणूस. झालं गेलं मनात न ठेवता त्यानं दुसरी पेटी पोचवली. मी आंबा कापून डब्यात भरला, वर बाईंचं नाव चिकटवलं आणि दवाखान्याच्या दाराशी नेऊन दिला. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. चार दिवसांनी बाई गेल्या. त्यांच्या सामानात डबा नव्हता.

आप्पा खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं, "बाईंनी आंबा खाल्ला?"

"खाल्ला असेल."

"असेल नको. तू घड्याळाच्या काट्यावर चालणारी बाई आहेस. खाल्ला की नाही?"

"माहीत नाही, आप्पा."

त्यांनी मान हलवली आणि ते व्हरांड्यात जाऊन बसले. खडूची वर्तुळं अजून होती. आप्पांनी पाय आत घेतले.

बाकीच्यांचे वास हळूहळू परत आले, आप्पांचा आला नाही. कांदा झाला, कापूर झाला, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं रोज हुंगून झालं. मासळीवाली मावशी पुन्हा यायला लागली आणि पाटी मुद्दाम व्हरांड्यासमोर थोडी जास्त वेळ ठेवायला लागली. "आप्पा, बोला की काहीतरी," ती म्हणायची. आप्पा म्हणायचे, "सगळं ताजं आहे." ती पदरानं डोळे पुसत निघून जायची.

पुढच्या मोसमात पेटी आली तेव्हा व्हरांड्यात सगळे जमले आणि आप्पांकडे बघत राहिले. आप्पांनी पेटी माझ्याकडे सरकवली. "तू बघ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"देठाशी धर. डोळे मीट. हं, काय येतंय?"

"आंब्याचा वास येतोय."

"अगो, आंब्याला आंब्याचाच येणार, फिनेलचा येईल काय? आणखी?"

आयुष्यभर मी ज्या गोष्टी मोजता येतात त्याच लिहीत आले. तिथे उभी राहून शब्द शोधायला लागले तर घाम फुटला. "पेंढा," मी म्हणाले. "जरासा दमट. मग मधासारखं काहीतरी. आणि अगदी शेवटी किंचित आंबट, आहे न आहेसं."

आप्पांनी डोळे मिटले होते. त्यांच्या नाकपुड्या हलत होत्या आणि ओठ चव घेतल्यासारखे हलत होते. "आज," ते म्हणाले. "पहिला आहे, बाईंना द्या."

आप्पांनी डोळे उघडले तेव्हा आपण काय बोललो ते त्यांनाही कळलं, पण त्यांनी शब्द परत घेतला नाही.

बाईंच्या खोलीत तेव्हा एक नव्या आजी आल्या होत्या. गुहागरकडच्या, आल्यापासून कोणाशी न बोलणाऱ्या. मी आंबा घेऊन त्यांच्याकडे गेले आणि आप्पांनी पाठवलाय म्हणून सांगितलं. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि खाण्याआधी नाकाला लावला. बराच वेळ तसाच ठेवला. मागे बोळात पावलं वाजली. आप्पा दाराशी येऊन थांबले होते, आणि आत न येता विचारत होते, "कसा येतोय हो वास? सावकाश सांगा. मला घाई नाही."