जोडाची तुळई

सुतारानं सरस कढवायला ठेवला, की त्या उग्र वासासरशी मला साठ सालच्या आसपासची मारेगावातली एक दुपार आठवते. आमच्या कापसाच्या गोदामावर माडी होती. सलग लांब लाकूड मिळेना, म्हणून वडिलांनी सागाच्या फळ्या सरसानं चिकटवून, बोल्ट आवळून माडीची तुळई करवली होती. आई धास्तावून म्हणायची, "तुकडे जोडून कुठं घर उभं राह्यते का?" त्या दुपारी खालच्या कापसानं पेट घेतला, आणि वर वहिनी तान्ह्या बाळासोबत अडकली. भाऊ ओली गोधडी पांघरून जिन्यानं वर धावला. तुळईला ज्वाळा लागलेल्या आम्हाला अंगणातून दिसत होत्या. "पडली, आता पडली!" लोक ओरडत होते. पण भाऊ दोघांना घेऊन खाली आला तेव्हाही माडी उभीच होती. आग विझल्यावर वडिलांनी तुळईवरचा कोळसा वाकसानं तासला, तर बोटभर काळ्या थराखाली लाकूड पिवळंधमक आणि घट्ट होतं. आई हसता हसता रडायला लागली. "जळू दे तो कापूस," ती म्हणाली, "माही माणसं तं आली." त्या बाळाचे केस आता पिकलेत. तो शेजारी येऊन बसला की मी अजूनही उगाच त्याच्या पाठीवरून हात फिरवते.