शिंपीणबाईंच्या कपाटातला पुरुष

शिंपीणबाईंनी कपाटात पुरुष ठेवलाय, अशी कुजबुज आमच्या जिन्यात बरेच दिवस चालली होती. बाई विधवा, दुकानाच्या मागच्या खोलीत एकट्या. दुपारी दुकान बंद झालं की आतून पुरुषाचा आवाज यायचा, "पोट आत घेऊ नका. श्वास सोडा. हं, आता कंबर." वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी हे जिन्याचा कठडा पुसता पुसता दाराला कान लावून ऐकलं होतं. मला कसं ठाऊक? मी त्यांच्या मागेच उभा होतो.

बाईंचा नवरा शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. एका हातात टेप, दुसऱ्यात खडू, लिहायला तिसरा हात नाही. म्हणून ते मापं फोनमध्ये बोलून ठेवायचे आणि बाई ती ऐकून कापड कापायच्या. मास्तर गेले. आवाज तेवढा एका कंपनीच्या ॲपमध्ये उरला. मग कंपनीनं कळवलं, महिनाअखेर सेवा बंद, आपापलं उतरवून घ्या.

बाईंनी घेतलं उतरवून. पण उघडेना! त्या फायली फक्त त्याच ॲपमध्ये उघडणाऱ्या, आणि ॲप तर मरायला टेकलेलं. पेटी दिली घरी न्यायला, किल्ली ठेवली स्वतःच्या खिशात.

बाईंनी कंपनीला फोन लावला तेव्हा मी पँट आखूड करून घ्यायला तिथंच बसलो होतो.

"आपली अडचण आम्ही समजू शकतो, मॅडम," पलीकडची गोड बाई.

"काय समजलीस? माझा नवरा आहे त्यात!"

"आपण आमची नवी सेवा घेऊन पाहा ना."

"आग लाव तुझ्या नव्या सेवेला!"

शेवटी तिनं एक ते पाचमध्ये गुण मागितले. "शून्याचं बटण कुठंय गं?" बाई कडाडल्या आणि कात्री टेबलावर अशी आदळली, की मी पँट तशीच लांब घेऊन घरी आलो.

बाईंची नणंद कॉम्प्युटर दुरुस्त करायची. नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं सख्य, तरी ती धावत आली.

"रडू नकोस, वहिनी."

"रडतंय कोण? संतापलेय मी!"

कुणी हौशी मंडळींनी लिहून सगळ्यांसाठी मोकळं सोडलेलं एक सॉफ्टवेअर तिनं आणलं. "याला ओपन सोर्स म्हणतात. उलटून आतली शिवण बघता येते. कंपनीचं म्हणजे अस्तर लावून बंद केलेलं, आत चिंध्या भरल्यात का काय, कळायला मार्ग नाही." त्यानं फायली उघडल्या. मग नणंदेचा एक जुना कॉम्प्युटर बाईंच्या कपाटात बसला. आवाज, फोटो, पासवर्ड, सगळं घरच्या घरी. शिवाय एक प्रत नणंदेकडे.

त्यानंतर गिऱ्हाइकांचे हाल सुरू झाले. अंगावर अर्धा कोट, कोटाला पिना, पळणार कुठं?

"तुमचे फोटो कुठायत?"

"फोनमध्ये."

"कंपनीच्या गोदामात आहेत ते! उद्या कुलूप घातलं तर? स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवा."

"मला नाही हो जमायचं."

"बटण लावता येतं ना? मग जमेल!" आणि पिन जरा आतच जायची.

आम्ही हसायचो. पण बाईंचं काय चुकलं होतं? माणसाचा आवाज ठेवायला घ्यायचा आणि कंटाळा आला की दुकान बंद करायचं, हा कुठला धंदा? माझे फोटो अजून त्या गोदामातच आहेत. आळस, दुसरं काय!

पण शिंपीण ती शिंपीणच. कपाटातल्या मशीनवर धूळ बसू नये म्हणून बाईंनी त्याला जाड लोकरी झबलं शिवून घातलं. मशीन तापलं आणि बंद पडलं.

"अगं, त्याला श्वास नको घ्यायला?" नणंद ओरडली.

झबलं निघालं. तेव्हापासून कपाटाचं दार उघडं राहू लागलं, आणि आतला आवाज जिन्यात जाऊ लागला.

शेवटी वरच्या वहिनींना राहवेना. "कपाटात कोण असतं हो?"

"कोण असणार? जुनी मापं ऐकते. कामाला लागतात," बाई खेकसल्या. "तुमचे फोटो कुठायत, ते सांगा आधी!"

वहिनी जिना चढून पसार.

ती मापं कामाला लागत नाहीत. त्यातली मुलं वाढली, मोठी माणसं जाड झाली. कपाटातला आवाज मास्तरांचा आहे. बाई दुपारी जेवताना तो लावतात.