कातरीनमायचं ‘बगूया’

कातरीनमायने अंडं कधी कानाशी हलवून बघितल्याशिवाय घेतलं नाही. नारळाला टिचकी, बांगड्याचा कल्ला उघडून बघणं, हे तर सगळेच करतात. ही माणसालाही तसंच बघायची, मान एका बाजूला कलती करून, जणू आत काही हलतंय का ते ऐकतेय. कोणी काहीही सांगो, उत्तर ठरलेलं, “बगूया.” आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक कुंपण तेवढं. इतक्या वर्षांच्या शेजारात माझ्याकडून उसनी नेलेली साखरसुद्धा ती चाखून नेई, आणि वर म्हणे, “शालन, वायट वाटून घेव नको गो. हातात आल्याबिगर माका कळना नाय.”

तर अशा बाईचा एकुलता मुलगा इनास. पुण्यात पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीयर. कंपनीने त्याला सहा महिन्यांसाठी आफ्रिकेतल्या एका खेड्यात धाडलं. तिथल्या लोकांना हातपंप दुरुस्त करायला शिकवायचं, तेही सेवा म्हणून. पगार इथला चालू. ते काम पुरं करून तो मे महिन्यात घरी आला तेव्हा पार वाळलेला, दाढी वाढलेली, खांद्याला एकच बॅग. आमच्याकडे परदेशातून माणूस येतो तो जाड ब्लँकेटं आणि अत्तरं घेऊन. ह्याने आणलं काय, तर तिथल्या बायकांनी निरोपाला दिलेलं एक रंगीत कापड आणि काम संपल्याचं प्रमाणपत्र.

कातरीनमाय ते कापड घेऊन कुंपणाशी आली. “ह्यां म्हापशाच्या बाजारात गावता मा गो?”

“अगो, पण प्रमाणपत्र आहे ना?”

“कागद कट्ट्याच्या बाजारातपण छापून मिळता.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “पगार देऊन कोण कोणाक फुकट काम करूक धाडता? झिलाची नोकरी गेलेली आसा. इतके म्हयने खंय होतो, देवाक म्हायत.”

आता काय सांगू, मलाही ते पटायला लागलं. खरंच, कोण धाडतं?

तिचा घोर मात्र निराळाच होता. रविवारी आरोंद्याहून मुलीकडची माणसं यायची होती. मुलगी शिक्षिका, रोझी नाव, इनासला मनापासून आवडलेली. “नोकरी नाय तर नाय. भात आसा, माड आसत,” कातरीनमाय म्हणाली. “पण नोकरी आसा म्हणान दुसऱ्याच्या चेडवाक फसवन घरात हाडूची? ह्यां माझ्याच्यान जमाचां नाय. रविवारी सरळ नाय म्हणान सांगतलंय.”

तिच्या अंगणातला हातपंप शिमग्यापासून रुसला होता. दांडा मारून हात दुखायचे, पाण्याचा थेंब नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने पाना आणून लेकाच्या पुढ्यात आपटला. “थंय पंपच केलंस मा? हो कर.” मी कुंपणापाशी आमसुलं उलटत बसले होते. एरवी ती मी दुपारीच उलटते.

इनासने पाना उचलला आणि तिच्याच हातात दिला. आपले दोन्ही हात मागे बांधले. “माय, तू खोल.”

“मी? आणि तू काय करतलंस?”

“सांगतलंय. थंय आमका हात लावूक बंदी होती. आमी परत इल्यावर कोण करतलो?”

“शालन, आयकलंस?” ती माझ्याकडे वळून ओरडली. “येणा नाय म्हणान माझ्याकडून करून घेता मेलो!”

पण बसली. नट गंजलेले, पाना सटकायचा, की इनासला एक शिवी. तो आपला, “उलटो फिरव, माय. सावकाश.” आतून कुजलेला चामड्याचा वायसर निघाला. नवा तिने जुन्या चपलेचा कापला, तोही दोनदा वाकडा. दुसऱ्यांदा कापताना इनासचा उजवा हात पुढे आला, मूठ वळली आणि परत मागे गेला. जेवणवेळेला पंपाने आधी गढूळ पाणी ओकलं, मग स्वच्छ धार लागली. कातरीनमाय पाण्याकडे बघतच नव्हती. मान कलती करून लेकाकडे बघत होती.

संध्याकाळी कुंपणाशी आली. “नोकरी आसा त्याची.”

“कशावरून गो?”

“तो हात भायर इल्लो, परत मागे गेलो, तां बघितलंस? नोकरी गेलेल्या माणसाक येवढी सबूर नसता. त्याका आपणाक काय येता तां दाखवूची घाई.”

रविवारी मुलीच्या आईने चहाचा कप खाली ठेवून पहिला प्रश्न तोच विचारला, “फुकट कित्याक धाडल्यान कंपनीन?” कातरीनमाय तिला दंडाला धरून पंपाशी घेऊन गेली. “मारा दांडो. मी दुरुस्त केलंय.”

“तुमी? मग झील काय करी होतो?”

“हात मागे बांधून उभो होतो.”

आतून रोझी खळखळून हसली, आणि विहीणबाईंनाही हसू फुटलं. लग्न तिथेच ठरलं म्हणा ना.

पुढे माझा पंप बिघडला तेव्हा कातरीनमाय आली ती हात मागे बांधूनच. मी खूप विनवलं. “खोल तू,” एवढंच. वर्षभराने ती गेली, झोपेतच. इनास पुण्याला असतो; रोझी इथल्याच शाळेत लागली आहे, त्या घरात राहते. परवा तिने कुंपणावरून हाक मारली, पंप बसलाय म्हणून. मी गेले. पाना तिच्या हातात दिला आणि माझे हात मागे नेले.

ती मान कलती करून माझ्याकडे बघत राहिली. कुठून शिकली, कोण जाणे. “शालनकाकी, तुमका खरांच येता मा?”

मी म्हटलं, “बगूया.”