शेवटचा भाग कोणी पाहिला

वडील अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीला आले ते आठ दिवसांसाठी. न्हाणीत पाय घसरून पडले होते, हाताला प्लास्टर होतं. आई जाऊन दीड वर्ष झालेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यांना आता एकटं ठेवू नका. मला भाऊ नाही, तेव्हा हे सांगणं माझ्यासाठीच होतं. आठ दिवसांचे दोन महिने झाले, प्लास्टर निघालं, तरी त्यांची चॉकलेटी बॅग दिवाणाच्या पायथ्याशी उभीच. सकाळी तिच्यातून सदरा काढायचा, धुऊन वाळला की घडी घालून परत तिच्यातच ठेवायचा. मी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला होता. त्यात त्यांनी फक्त चष्म्याचं घर ठेवलं.

"बाबा, कपडे ठेवा ना कप्प्यात."

"ठेवतो ना. पण लेकीच्या घरी मानूस किती दिवस राह्यते? आठ दिवसात जातोच हाये मी."

नेमकी याच दिवसांत एका वाहिनीने ती जुनी विनोदी मालिका पुन्हा दाखवायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी पाचला, गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातींमधून जागा मिळेल तशी. मी दहा-अकरा वर्षांची असताना अकोल्यात आम्ही ती आठवड्यातून एकदा बघायचो. गोष्ट एवढीच, की मुंबईच्या दोन खोल्यांत बायकोचे वडील आठ दिवसांसाठी येतात आणि जायचं नाव घेत नाहीत. जावई दर भागात त्यांना घालवायची नवीन युक्ती करतो, ती फसते, आणि मागून लोकांच्या हसण्याचा आवाज येतो.

तुम्ही म्हणाल, बाई, तुला कळायला नको होतं का? नाही कळलं. पहिल्या दिवशी मीच आनंदाने ओरडून सगळ्यांना बोलावलं. कारण माझ्या डोक्यात त्या मालिकेचा शेवट पक्का होता. शेवटच्या भागात म्हातारा जायला निघतो आणि लेक त्याच्या हातातून बॅग घेऊन माळ्यावर टाकते. तो राहतो, कायमचा. मला वाटलं, बाबांनी हे पुन्हा बघितलं तर बरंच होईल.

आठवडाभरात घरात चार माणसांची चार मतं झाली. नवरा पोट धरून हसायचा आणि वर म्हणायचा, "त्या काळचे लिहिणारे काय होते! आता आहे का असं काही?" माझी कॉलेजातली लेक हातातल्या फोनवरून मान वर करून म्हणायची, "म्हाताऱ्याला हाकलून राहिले अन् मागे लोक हसून राहिले, यात विनोद काय आहे?" खालच्या मजल्यावरच्या आपा, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या, पाचच्या ठोक्याला आमच्याकडे यायच्या. त्यांचा राग ना जावयावर, ना म्हाताऱ्यावर. त्यांचा राग मालिकेतल्या लेकीवर. "ही पोरगी एक शब्द बोलत नाही. नवऱ्याकडे बघते, बापाकडे बघते, अन् चहा ठेवायला आत जाते. सारा कसूर तिचा."

मी तेव्हा चहा घेऊनच येत होते. मला ते लागलं, पण काय लागलं ते सांगता येईना.

आणि बाबा? बाबा हसायचे. मागचा हसण्याचा आवाज यायच्या आधीच हसायचे, कारण त्यांना विनोद पाठ होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. हा माणूस खरंच हसतोय, की आपल्याला काही लागलं नाही हे दाखवतोय? एकदा विचारलंच, "तुमाले काय वाटते, कोन चुकते यात?"

"कोनीच नाई. जावाई बिचारा चांगला हाये. घर लहान हाये त्याचं, त्याले पाय पसराले जागा नाई. तो काय करन?"

माझा गोंधळ इथून सुरू झाला. मालिकेत एका भागात जावई वर्तमानपत्र लपवतो, कारण सासरा सकाळभर ते सोडत नाही. दुसऱ्या दिवसापासून नवरा ऑफिसला जाईपर्यंत बाबा पेपरला हात लावेनासे झाले. मी नवऱ्यावर भडकले. तो बिचारा टॉवेल गुंडाळून तसाच उभा. "अगं, मी कधी काही म्हटलं का त्यांना?" त्याने खरंच काही म्हटलं नव्हतं. मग मी भांडत कोणाशी होते? त्या मालिकेतल्या जावयाशी? आणि खरं सांगायचं तर बाबा न्हाणीत तासभर बसले की मीच दारावर दोनदा टकटक करायची. ते टकटक करणं मालिकेतसुद्धा होतं, आणि त्यावर लोक सगळ्यात जास्त हसायचे.

मग पडद्याखाली पट्टी फिरायला लागली, की मालिकेचे शेवटचे तीन भाग उरले. बाबा म्हणाले, "चाला, हे संपलं की निघतो मी. अकोल्याचं घर बंद हाये, नळाले पानी येऊन जाते." मी म्हटलं, डॉक्टरांनी तुम्हाला एकटं ठेवू नका म्हणून सांगितलंय. ते म्हणाले, "डाक्टरले काय जाते सांगाले." आणि त्यांनी शुक्रवारची सकाळची गाडी ठरवूनसुद्धा टाकली. शेवटचा भाग गुरुवारी होता.

तरी मी निर्धास्त होते. म्हटलं, शेवट बघतील, बॅग माळ्यावर जाताना बघतील, मग बोलू. हे मी आपांना जिन्यात सांगितलं, तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "कोणती बॅग माळ्यावर? तो म्हातारा तर जातो. मी किती रडले होते त्या दिवशी!"

"नाही हो आपा, राहतो तो. माझ्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिलं आहे."

"अन् मी काय कानांनी पाहिलं?"

आम्ही दोघी चांगल्या शिकल्यासवरलेल्या बायका, जिन्यात उभ्या राहून एका कधी नसलेल्याच माणसाच्या बॅगेवरून हातवारे करत भांडलो. रात्रीच्या स्वयंपाकाला उशीर झाला. माझ्या लेकीने आमचं ऐकलं, अर्ध्या मिनिटात फोनवर तो भाग काढला आणि माझ्यासमोर धरला. म्हातारा जिना उतरतो. लेक दारात उभी राहते, तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. आत जावई सोफ्यावर पाय लांब करून "हुश्श" म्हणतो, आणि लोक हसतात. बॅग नाही, माळा नाही. मुंबईच्या त्या घराला माळाच नव्हता.

मग मी इतकी वर्षं कोणता शेवट आठवत होते?

आठवत होते तो आमच्या घरातला. त्या संध्याकाळी शेवटचा भाग सुरू होऊन पाचच मिनिटं झाली होती आणि आमचे दिवे गेले. समोरच्या घरचा बल्ब लख्ख जळत होता. बाबा वीज खात्यात लाइनमन होते. ते म्हणाले, "आपल्याच बाजूचा फेज गेला. पाहून येतो." अर्ध्या तासाने आले ते दिवे घेऊन आणि शेवटही घेऊन. किराणा दुकानात उभं राहून पाहिला म्हणाले. लेकीनं बॅग घेतली, माळ्यावर टाकली, राह्यला म्हातारा. दुसऱ्या दिवशी एक मैत्रीण म्हणाली की तो गेला, तर मी तिची वेणी ओढली होती. माझा बाप खोटं बोलेल?

आणि त्या संध्याकाळी खाटेवर बसून ही गोष्ट आणखी एक माणूस ऐकत होता. आबाजी, माझ्या आईचे वडील. आईलाही भाऊ नव्हता. आबाजी आमच्याकडे आठ दिवसांसाठी आले होते आणि त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. गोष्ट ऐकून ते फक्त "बरं झालं" म्हणाले. पुढे ते आमच्याच घरी वारले.

माळा आमच्या अकोल्याच्या घराला होता. आबाजींची पत्र्याची पेटी त्यावरच होती.

मी ओट्याला टेकून रडले. पण ते सुख होतं की दुःख, मला आजही धड सांगता येत नाही. एवढं खोटं या माणसाने इतक्या सहज कसं रचलं? आणि मला कधीच का सांगितलं नाही? विचारायला दोनदा त्यांच्यापाशी गेले आणि दोनदा "भाजी कोणती करू" एवढंच विचारून परत आले.

गुरुवारी बाबांनी दुपारीच बॅग भरून चेन लावली आणि ती दाराशी नेऊन ठेवली. कप्प्यातलं चष्म्याचं घरही खिशात गेलं. पाचला सगळे बसले. नवरा मुद्दाम लवकर आला होता. आपा जिन्यातला वाद जिंकायच्या तयारीने आल्या होत्या. मालिका सुरू झाली. पडद्यावरचा म्हातारा सदरे घड्या करायला लागला आणि मी चहाचं निमित्त करून उठले. आमचा विजेचा बोर्ड दारामागे आहे. मी मुख्य खटका खाली ओढला.

पंखा थांबला. पडदा काळा झाला.

"अरे," आपा म्हणाल्या, "खाली आमचा मिक्सर तर चालू आहे!"

नवरा बोर्डाकडे यायला निघाला. मी बोर्डासमोरून हलले नाही. बाबा उठून खिडकीपाशी गेले. समोरच्या शिकवणीवर्गातल्या ट्यूबलाइट जळत होत्या. त्यांनी त्या बघितल्या, मग दारामागे उभ्या असलेल्या मला बघितलं. चाळीस वर्षं खांबावर चढलेला माणूस.

"बसा, जवाईबापू," ते नवऱ्याला म्हणाले. "फेज गेला हाये."

मला आपांचं ते वाक्य आठवलं, ही पोरगी एक शब्द बोलत नाही.

"मले माईत हाये शेवट," मी म्हटलं. "म्हातारा जाले निघते. लेक त्याच्या हातातून बॅग घेते अन् माळ्यावर टाकते. राह्यते तो."

आपांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं.

"कोनं सांगतलं तुले?" बाबांनी विचारलं.

"तुमीच."

ते दिवाणावर बसले. मी दाराशी गेले आणि त्यांची बॅग उचलली. वाटली त्यापेक्षा जड होती. न्हाणीवरच्या माळ्याखाली स्टूल ओढत असताना मागून त्यांचा आवाज आला.

"खटका वर कर पह्यले, आपाले गरम होऊन राह्यलं." आणि थोडं थांबून, "अन् माहे सदरे काढून घे त्यातले. रोज रोज माळ्यावर कोन चढन?"